नेट गेलं नाही, मी गेलोय

घरात कुणी जाणतं माणूस असेल तर त्यांच्याकडे फोन देता का, असं तक्रार केंद्रातल्या मुलीनं मला विचारलं आणि तिथून सगळ्याला सुरुवात झाली.

तसं बघितलं तर तिचं काही चुकलं नव्हतं. घरातलं नेट सकाळपासून बंद होतं. ब्रॉडबँडच्या डब्यावरचा शेवटचा दिवा हिरवा आहे की लाल, एवढंच तिनं विचारलं होतं. मी नारिंगी म्हणालो. नारिंगी दिवा त्या डब्याला नसतोच, असं ती म्हणाली. मी म्हणालो, मला दिसतोय. ती म्हणाली, सर, नसतो. आता माझ्या नाकासमोरचा दिवा कुठल्यातरी परगावी बसलेली मुलगी नाही म्हणते, म्हटल्यावर माझा आवाज थोडा चढला. त्यावर तिनं अत्यंत गोड आवाजात ते जाणत्या माणसाचं विचारलं.

मी लिफ्टच्या कंपनीत देखभाल विभागाचा उपप्रमुख आहे. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की पहिला फोन मला येतो. माझ्या शब्दावर माणसं दोन मजल्यांच्या मध्ये शांत उभी राहतात. (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हा भाग वेगळा.) अशा माणसाला जाणतेपणाबद्दल विचारायचं म्हणजे काय? मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की मला तुमचं नेटच नको. तो नारिंगी दिवा शेजारच्या टीव्हीच्या डब्याचा होता हे मला नंतर कळलं, पण तोवर प्रश्न तत्त्वाचा झाला होता.

पर्यायही तयार होता. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी बरेच दिवस मला सांगत होता, की आपल्या फोनवर रोज इतका डेटा मिळतो, तो आपण वापरत नाही, आणि मग तो रोजच्या रोज वाया जातो. हे तो अशा सुरात सांगायचा, की कुणीतरी रोज भरलेलं दुधाचं पातेलं मोरीत ओततंय असं वाटावं. फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, घरातल्या सगळ्यांनी त्याच्यावर जोडून घ्यायचं, झालं. वायर नको, डबा नको, दिवे नकोत.

त्या संध्याकाळी मी डब्याची वायर उपटली, डबा कपाटात टाकला आणि घरच्यांना एकत्र बोलावून निर्णय सांगितला.

घरचे म्हणजे तिघं. माझी बायको ऑनलाइन अक्षर-सुधार वर्ग घेते. विद्यार्थी सगळे प्रौढ, त्यातही डॉक्टर जास्त. औषधांच्या दुकानदारांनी हात टेकल्यावर ते तिच्याकडे येतात. सासरे आमच्याकडेच राहतात. ते गणिताचे निवृत्त मास्तर. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाबरोबर ते दिवसभर नेटवर बुद्धिबळ खेळतात आणि तो माणूस लुच्चा आहे असं त्यांचं ठाम मत आहे. आणि मुलगी. तिनं पाण्याच्या तपासणीचं शिक्षण घेतलं होतं आणि एका मोठ्या प्रयोगशाळेतली तिची मुलाखत येऊन ठेपली होती. मुलाखत अर्थातच ऑनलाइन.

"मुलाखतीच्या आधीच हे करायचंय का बाबा?" तिनं विचारलं.

"उलट मुलाखतीसाठीच करतोय," मी म्हणालो. असं काही माझ्या मनात नव्हतं, पण तोंडातून गेल्यावर ते मला पटलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचून जेवणाचा डबा ठेवतोय तोच बायकोचा फोन, खाली रस्त्यावर जाऊन केलेला.

"अहो, नेट गेलं."

मी तिला चालू-बंद करून बघ म्हणणार होतो, इतक्यात डोक्यात प्रकाश पडला. "नेट गेलं नाही," मी म्हणालो. "मी गेलोय."

वाचकांना वाटेल की बाकीच्यांकडे फोन नव्हते की काय. होते. पण त्यांच्या कंपनीचा सिग्नल आमच्या इमारतीत पाऊल टाकत नाही. भिंती जुन्या आणि जाड. सिग्नल पाहुण्यासारखा दाराबाहेर उभा राहतो आणि कुणी या म्हणत नाही म्हणून निघून जातो. आत यायची हिंमत फक्त माझ्या फोनच्या सिग्नलची, आणि तोही आत आला की अंग चोरून बसायचा.

मग मी फोन घरी ठेवून ऑफिसला जायला लागलो. हा उपाय दुपारपर्यंत टिकला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन घरी वाजायला लागले आणि ते सासऱ्यांनी घ्यायला सुरुवात केली. फोन आला की डेटा थांबायचा, डेटा थांबला की डावाची वेळ संपून ते हरायचे. एका कापड दुकानाच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ अडकले होते. त्यांना सासरे म्हणाले, "हे बघा, तुम्ही नुसते अडकलाय. मी हरतोय. जरा थांबा." त्या गृहस्थांनी बाहेर आल्यावर आमच्या साहेबांना फोन केला.

साहेबांनी मला बोलावलं. मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे घरी आजारी कुणी नाही?"

"नाही साहेब."

"मग तुमची घरी गरज काय?"

"साहेब, घरचं नेट मी आहे."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "असं करा, काही दिवस घरूनच काम करा. फोन घ्यायला फोनजवळ कुणीतरी शहाणं माणूस पाहिजे." शहाणं हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं. तो खरं तर सासऱ्यांना मारलेला टोला होता हे मी मनावर घेतलं नाही.

अशा रीतीनं मी घरी बसलो आणि माझं स्वातंत्र्य संपलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो की पलीकडच्या खोलीतून आवाज, "बाबा, हलू नका." बाल्कनीत गेलो की, "जावईबापू, वजीर संकटात आहे, बसा जरा." फोन ठेवून मी हिंडायला मोकळा होतो असं कुणी म्हणेल. पण फोन एका जागी ठेवला की त्याचा सिग्नल मावळायचा आणि हातात धरला की उगवायचा. माझ्या अंगातून काहीतरी जातं, असं बायकोचं मत पडलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिनं माझ्यात शोधलेला हा पहिला गुण.

एवढं करूनही नेट धड नव्हतंच. एका वर्गात बायकोनं 'ळ'चं पहिलं वेटोळं काढलं आणि चित्र थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा ती 'क्ष'च्या शेपटीवर होती. विद्यार्थ्यांनी दोन्ही जोडून एक नवंच अक्षर गिरवलं. त्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी ते इतकं सुबक काढलं, की ते मराठीत नाही हे त्यांना सांगायचा तिला धीर होईना.

बातमी इमारतीत पसरली. खालच्या मजल्यावर चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या वहिनी राहतात. त्या वर आल्या आणि फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवायचा सल्ला देऊन गेल्या. पातेल्यात सिग्नल वाढला नाही. फक्त लिफ्टमधून येणारे फोन देवळातल्या घंटेसारखे घुमायला लागले. फोन तापत होता, म्हणून बायकोनं त्याच्यावर ओल्या रुमालाच्या घड्या ठेवल्या. संध्याकाळी वहिनी चौकशीला आल्या. "आता कसं आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "दुपारपेक्षा उतरलाय," सासरे म्हणाले.

वरच्या मजल्यावर पंच राहतात. पंच म्हणजे फुटबॉलचे निवृत्त पंच. आता ते इमारतीचे सचिव आहेत, पण पंचगिरी काही सुटलेली नाही. जिन्यात सायकल ठेवली की ते पिवळं कार्ड दाखवतात. दोन पिवळी झाली की सायकल बाहेर. त्यांच्याकडे उत्तम ब्रॉडबँड होतं.

"पंचकाकांकडे पासवर्ड मागू का?" मुलीनं एकदा विचारलं.

"आपण दुसऱ्याच्या नेटवर जगणारी माणसं नाही," मी म्हणालो. सगळ्या इमारतीला मी डबा उपटल्याचं सांगून बसलो होतो. आता कुठल्या तोंडानं मागणार? आणि पंचांनी आजवर कुणाला पासवर्ड दिल्याचं ऐकिवात नव्हतं. तो त्यांनी स्वतःच्या मुलालाही सांगितला नव्हता म्हणे. मुलगा घरी आला की ते स्वतः पाठ फिरवून त्याच्या फोनमध्ये पासवर्ड घालून देत.

शेवटी सिग्नलचा पक्का ठावठिकाणा सासऱ्यांनी शोधला. खडूनं जमिनीवर चौकटी आखून, मला एकेका चौकटीत उभं करून. मी निम्म्या घरात घोड्याच्या चालीनं फिरलो. सिग्नल घरात कुठेच नव्हता. तो बाहेर होता, जिन्याच्या वळणावरच्या खिडकीपाशी. तिथे तो भरभरून होता. मग काय, आमचा संसार वळणावर आला. मी वरच्या पायरीवर फोन धरून, खाली बायको फळा टेकवून, त्याखाली सासरे. वर-खाली जाणाऱ्यांना मी पाय आखडून वाट द्यायचो. जाणारी माणसं आधी ओशाळायची, मग थांबायला लागली. वहिनींचा नवरा तर सासऱ्यांना उघड उघड चाली सांगायला लागला आणि त्यावरून दोघांचं वाजलं.

पंचांनी दुसऱ्याच दिवशी पिवळं कार्ड दाखवलं. "जिना हा जाण्यायेण्यासाठी आहे," ते म्हणाले. "नियम आहे."

"आम्ही येतो-जातोच आहोत," सासरे म्हणाले. "फक्त सावकाश."

दरम्यान, आपलं जुनं कनेक्शन रीतसर बंद तरी करावं म्हणून मी कंपनीच्या कार्यालयात जाऊन आलो. खिडकीतल्या गृहस्थांनी सांगितलं, की बंद करायचं तर नोंदलेल्या नंबरवर एक कोड जाईल, तो सांगा. नोंदलेला नंबर सासऱ्यांचा जुना होता आणि तो केव्हाच बंद पडला होता.

"मग नंबर बदलून द्या," मी म्हणालो.

"देतो ना. त्यासाठी जुन्या नंबरवर कोड जाईल."

"तो नंबर बंद आहे."

"मग आधी तो चालू करून घ्या. चालू झाला की आपण हे बंद करू."

मी खिडकीच्या काचेत माझा चेहरा पाहिला. जाणता दिसत नव्हता. तुमची विनंती आम्ही विचाराधीन ठेवतो, असं ते म्हणाले आणि मी परत आलो.

मुलाखत जवळ आली तसा मी बंदोबस्ताला लागलो. ऑफिसचे फोन सहकाऱ्याकडे वळवले. वाया जाणाऱ्या डेटाची हळहळ त्याचीच होती, तेव्हा त्यानं ते निस्तरावं असं मला वाटलं. नातेवाइकांना निरोप धाडला, की काही दिवस मला अजिबात फोन करू नका, कारण नंतर सांगेन. हे वाक्य मी घाईत लिहिलं. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. एका मावसभावाला वाटलं मी देशोधडीला लागलो, दुसऱ्याला वाटलं मला कसलंतरी ऑपरेशन सांगितलंय. आत्याला दोन्ही वाटलं.

आता मुलाखतीची जागा. जिन्यात बसून मुलाखत देणार नाही, असं मुलीनं निक्षून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. वळणाला लागून आमच्या घरातली एकच खोली आहे. न्हाणीघर. त्याचा वरचा झरोका नेमका जिन्याच्या वळणावर उघडतो. मी जिन्यात स्टुलावर उभं राहून झरोक्यातून फोन आत धरायचा, आत मुलगी खुर्चीवर बसणार, समोर वॉशिंग मशीनवर लॅपटॉप, मागे पांढऱ्याशुभ्र टाइल्स. स्टूल पंचांनी दिलं. शिवाय ते स्वतः जिन्यात उभे राहिले. "मुलाखत आहे म्हणून परवानगी देतोय," ते म्हणाले. "पण माझ्या देखरेखीखाली."

वेळ झाली. मी स्टुलावर चढलो, फोन धरलेला हात झरोक्यातून आत घातला. सिग्नल अजून थोडा आत हवा होता, म्हणून खांदा घातला, मग डोकं घातलं. खाली मुलगी कोट घालून बसली होती. पडद्यावर तीन गंभीर चेहरे उमटले. त्यातल्या मधल्या बाई म्हणाल्या, "अरे वा, तुम्ही आत्तासुद्धा प्रयोगशाळेतच आहात का?"

"पाण्याचं काम इथे रोजच चालतं," मुलगी म्हणाली. माझा ऊर भरून आला. पण झरोक्यात ऊर भरून यायला जागा नव्हती, तेव्हा मी श्वास आवरता घेतला.

पहिले प्रश्न छान गेले. ती क्षारांबद्दल बोलली, गाळाबद्दल बोलली. आणि माझा फोन थरथरला. आत्या.

पडद्यावरचे तिन्ही चेहरे तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठले. मी अंगठ्यानं फोन कापला. चेहरे हलले. मुलीनं वाक्य पुढे चालू केलं. पुन्हा आत्या. पुन्हा कापला. झालं होतं असं, की आत्या माझी शेवटची भेट घ्यायला औषधांची पिशवी घेऊन इमारतीच्या दाराशी येऊन ठेपली होती आणि वर जाण्याआधी मी आहे की नाही याची खात्री करून घेत होती. दोनदा फोन कापल्यावर तिची खात्री पटली. ती रडत जिना चढायला लागली.

वळणावर येऊन तिनं वर पाहिलं तर भाच्याचं धड स्टुलावर उभं, शीर भिंतीत गेलेलं, आणि बाजूला एक अनोळखी माणूस तोंडावर बोट ठेवून पहारा देतोय. तिनं पिशवी टाकली आणि माझे दोन्ही पाय घट्ट मिठीत धरले.

"अरे, हे काय केलंस रे," ती म्हणाली.

मी हिसका दिला. आत्याचा हात पक्का होता. स्टूल हललं, हात उघडला, आणि फोन माझ्या डोळ्यांदेखत, काही घाई नसल्यासारखा, खालच्या भरलेल्या बादलीत गेला. बुडुक असा आवाज आला. तिन्ही चेहरे नाहीसे झाले.

मुलीनं वर माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला, खालचा ओठ आत घेतलेला. या नोकरीसाठी तिनं किती वाट पाहिली होती ते मला ठाऊक होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या शेकडो माणसांना मी धीर दिला असेल. त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही. मला बाहेरही येता येत नव्हतं. मी तिथूनच, न्हाणीघरात तोंड करून, मोठ्यानं म्हणालो, "पंच, तुमचा पासवर्ड द्या. मी मागतोय."

माझ्या पाठीमागून पंचांचा आवाज आला. "दुखापतीमुळे खेळ थांबला आहे. वेळ वाढवून मिळेल. पोरी, लॅपटॉप घेऊन वर ये."

ती धावली. मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू आलं. पंच एकेक अक्षर मोठ्यानं सांगत होते. पासवर्ड त्यांच्या बायकोचं माहेरचं नाव होतं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी अख्ख्या जिन्यासमोर उघड केली. त्यांची बायको दारात आली आणि लाजून आत गेली, असं वहिनींनी नंतर सांगितलं. वहिनी तोवर आवाजाला वर आल्याच होत्या.

मला झरोक्यातून काढायला बराच वेळ लागला. आत्यानं पिशवीतलं तेल वापरलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिला एवढंच समजलं, की माझ्या मेंदूला काहीतरी झालंय, पण जिवावरचं नाही. त्यावर ती समाधानी होती.

मुलाखत पंचांच्या दिवाणखान्यात पूर्ण झाली. प्रयोगशाळेतून एकदम कपाटभर चषकांसमोर कशा आलात, असं मधल्या बाईंनी विचारलं. मुलीनं खरं ते सांगितलं. वडील, झरोका, आत्या, बादली. त्या तिघांना हसू आवरेना. मग बाईंनी विचारलं, बादलीतल्या पाण्याचा नमुना तपासायचा झाला तर आता काय काय सापडेल? तिनं फोनमधल्या सगळ्या धातूंची यादी सांगितली. थोड्याच दिवसांत नोकरीचं कळलं. मिळाली.

मुलाखतीच्याच संध्याकाळी सासऱ्यांनी कपाटातून डबा काढला, पुसला, वायर खोचली. दिवे लागले. सगळे हिरवे. त्या दिवशीचा बिघाड कंपनीनं केव्हाच दूर केला होता, आणि माझी विनंती अजून विचाराधीन असल्यामुळे कनेक्शन बंद झालंच नव्हतं. पासवर्ड मागून मी पंचांसमोर जी मान खाली घातली होती, ती घालायची काही गरजच नव्हती. घरात कपाटात सगळं तयार होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालायचंच, जावईबापू," ते म्हणाले आणि डाव मांडायला गेले.

मग घर पुन्हा पूर्वीसारखं झालं. दारं लागली. एका दाराआड 'ळ', एका दाराआड वजीर, एका दाराआड मुलगी नव्या गावात खोली शोधत होती. नवा फोन घेतला, त्याचा हॉटस्पॉट कुणी मागितला नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, बाल्कनीत गेलो, मुद्दाम दोन-तीनदा गेलो. हलू नका असं कुणी म्हणालं नाही. इतके दिवस मी उठलो की घर उठत होतं. हे मी कुणाजवळ बोलणार?

मी चपला घातल्या. "जरा बाहेर जाऊन येतो," असं मोठ्यानं सांगितलं. आतून दोनदा "बरं" आलं. एक सासऱ्यांचं होतं. दुसरं मुलीचं होतं, पण ते बहुधा फोनवरच्या घरमालकाला उद्देशून असावं.

कोपऱ्यापर्यंत गेलो असेन, मागून चपलांचा आवाज आला. बायको. बोटांना शाई तशीच.

"का गं, नेट गेलं?"

"नाही. चालू आहे. वर्ग लवकर सोडला."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "चला."

"कुठपर्यंत यायचंय?"

"तुम्ही जाल तिथपर्यंत. त्या दिवसांत तशी सवयच लागलीय."

मी चालायला लागलो. जरा सावकाशच. ती मागे पडली असती तर मला चाललं नसतं.